कमरेत वाकणारं इंजिन

१९०९ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात वाफेचं एक इंजिन तयार झालं. ते मागवलं होतं टेनेसी राज्यातल्या लिटल रिव्हर रेलरोडने. डोंगरातली झाडं तोडायची आणि ओंडके खाली गिरणीत आणायचे, एवढ्याच कामासाठी टाकलेली ही छोटीशी रेल्वे. इंजिन तिथं पोहोचलं, पण त्या रुळांना त्याचा भार पेलवेना. मग ते आल्या वाटेने कारखान्याकडे परत गेलं. पुढे त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनच्या जंगलात नवा मालक मिळाला : कोलंबिया रिव्हर बेल्ट लाइन. तिथं त्याला ७ हा क्रमांक मिळाला आणि 'स्कूकम' हे नाव. हा त्या भागातल्या चिनूक बोलीतला शब्द. मूळ रहिवासी आणि बाहेरून आलेले व्यापारी एकमेकांशी ज्या मिश्र भाषेत बोलत, ती ही बोली. स्कूकम म्हणजे दणकट, जबरदस्त.

एका रेल्वेला जे इंजिन झेपलं नाही, त्याचं दुसऱ्या रेल्वेने कौतुकाने 'दणकट' असं बारसं केलं. इंजिन तेच होतं. हे असं का झालं ते समजून घ्यायचं, तर या इंजिनाच्या कमरेत असलेला एक सांधा समजून घ्यावा लागतो. मला हा सांधा वाफेच्या युगातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. त्यामुळे थोडं सावकाश सांगतो.

ओंडक्यांच्या रेल्वेची अडचण

जंगलातली रेल्वे ही मुंबई-पुणे मार्गासारखी कायमची टाकलेली रेल्वे नसते. एका उतारावरची झाडं संपली की तिथले रूळ उचलायचे आणि पुढच्या उतारावर टाकायचे. चार-पाच वर्षांत उखडायच्या मार्गावर कोण पैसे ओतणार? म्हणून रूळ बारीक, स्लीपर जमिनीवर नुसते आडवे टाकलेले, खडी जेमतेम. बोगदा खणायचा नाही, टेकडी फोडायची नाही. ओढा जसा वळेल तसा मार्ग वळवायचा. दरी आडवी आली की त्याच जंगलातल्या लाकडाचा पूल उभा करायचा.

लिटल रिव्हर रेलरोड तर नदीच्या घळीतूनच वर चढत होती. खाली टाउनसेंड गावात लाकडाची गिरणी आणि वर एल्कमाँटकडे तोडीच्या छावण्या. मधला मार्ग नदीच्या काठाकाठाने. आज त्यातला बहुतेक भाग ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि टाउनसेंडकडून एल्कमाँटच्या दिशेने जाणारा डांबरी रस्ता बराचसा त्याच जुन्या रेल्वेच्या वाटेवर बांधलेला आहे. मोटारीतून जाणाऱ्यालाही तिथं दर मिनिटाला वळण लागतं. तिथून ओंडक्यांनी लादलेल्या गाड्या जात होत्या, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

आता ओढण्याचं गणित. रेल्वे सपाटीवर फार हलकी चालते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकं सहज फिरतं, की एक टन वजन ओढायला पाचेक किलोचा जोर पुरतो. पण चढ लागला की चित्र पार बदलतं. २५ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर जाणारा चढ घ्या. तिथं दर टनामागे आणखी ४० किलो जोर लागतो, कारण गाडी पुढे ओढायची आणि शिवाय उचलायचीही. म्हणजे सपाटीच्या नऊपट ताकद.

एवढा जोर आणायचा कुठून? मोठा बॉयलर लावला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण खरी मर्यादा बॉयलरची नसते, पकडीची असते. कोरड्या रुळावर चाकाची पकड साधारण त्यावरच्या वजनाच्या पाव भाग असते. चाकांवर ६० टन असतील, तर इंजिन फार तर १५ टनांचा जोर लावू शकतं. त्यापुढे कितीही वाफ सोडली, तरी चाकं जागच्या जागी गरगरतात. पावसात ओली पानं रुळावर पडली की पकड निम्म्यावर येते, आणि मग ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो.

म्हणजे जास्त ओढायचं तर इंजिन जड हवं. पण रूळ बारीक आहेत. ६० टन दोनच आसांवर ठेवले तर प्रत्येक आसाखाली ३० टन येतात, आणि जंगलातला रूळ मोडतो. म्हणून वजन चार आसांवर वाटायचं, प्रत्येकी १५ टन. रूळ वाचला. मात्र आता चार आस एकामागोमाग, एका ताठ चौकटीत बसले, आणि इंजिन लांब झालं. लांब ताठ वस्तू वळणावर काय करते, हे ज्याने चाळीच्या जिन्यातून लाकडी कपाट उतरवलंय त्याला सांगायला नको. कपाटाचं एक टोक इकडच्या भिंतीला घासतं आणि दुसरं तिकडच्या. इंजिनाच्या बाबतीत भिंती म्हणजे रूळ. चाकांच्या आतल्या बाजूला जी उभी कड असते, ती बाहेरच्या रुळावर दाबली जाते. किंचाळल्यासारखा आवाज येतो, कड झिजते, आणि रूळ हळूहळू बाहेर ढकलला जातो. स्लीपरमधले खिळे सैल असतील तर एक दिवस रूळ फाकतो आणि इंजिन खाली उतरतं.

जड हवं, पण रुळावर हलकं हवं. लांब हवं, पण वळणावर आखूड हवं. मागण्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या होत्या.

पहिलं उत्तर : दातेरी चाकांचं

यावरचं एक उत्तर इंजिनांच्या कारखान्यात सापडलेलंच नाही. ते शोधलं मिशिगनमधल्या इफ्रेम शे नावाच्या लाकूडवाल्याने, स्वतःचे ओंडके वाहून आणायच्या गरजेपोटी. त्याने सिलिंडर बॉयलरच्या एका अंगाला उभे लावले, त्यांच्याकडून एक लांब दांडा इंजिनाच्या कडेने चाकांपर्यंत नेला, आणि दातेरी चाकांनी प्रत्येक आस फिरवला. त्या दांड्यात जागोजाग सांधे होते आणि तो मागेपुढे सरकू शकत होता. चाकं तर मालडब्यासारखी छोट्या बोगींत बसवलेली. त्यामुळे वळण कितीही तिखट असो, ती बिनतक्रार वळत. सगळीच चाकं ओढणारी असल्याने एक किलोही वजन फुकट जात नसे. शेने १८८१ मध्ये पेटंट घेतलं, आणि ओहायोतल्या लिमा कारखान्याने पुढच्या सहा दशकांत अशी २,७०० हून अधिक इंजिनं बनवली. लिटल रिव्हरकडेही शे इंजिनं होती. टाउनसेंडच्या छोट्या संग्रहालयात आजही एक उभं आहे.

पण शे इंजिन हळू चालतं. दातेरी चाकांनी जोर वाढतो, तेवढा वेग घटतो. सायकलचा खालचा गिअर टाकून चढ चढताना पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीच्या पावलाने जाते, तसंच हे. तासाला २० किलोमीटरच्या पुढे त्याला नेण्यात अर्थ नसे. छावणीपासून मुख्य मार्गापर्यंत ठीक. पण गिरणी दूर असेल, तर त्या लांबच्या पल्ल्यावर दिवस सरून जाई. त्या पल्ल्यासाठी नेहमीच्या धाटणीचं, म्हणजे दट्ट्याचा दांडा थेट चाकाला जोडलेलं, पण वळणावर वाकणारं इंजिन हवं होतं.

मॅलेटचा सांधा

अनातोल मॅलेट हा जिनिव्हाजवळ १८३७ साली जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला इंजिनिअर. त्याने आधी एक वेगळीच गोष्ट सिद्ध केली होती : तीच वाफ दोनदा वापरायची. १८७६ मध्ये बायोन ते बियारित्झ या छोट्या मार्गावर त्याची अशी इंजिनं धावली. वाकण्याचा सांधा त्याने नंतर आणला, १८८० च्या दशकात. या दोन कल्पना एकमेकींत इतक्या चपखल बसतात, की आधी पहिली समजून घेतलेली बरी.

रसवंतीवर उभं राहून बघा. चरकातून ऊस एकदा गेला की भरपूर रस निघतो, पण रसवंतीवाला तिथं थांबत नाही. तो चिपाड दुमडतो आणि पुन्हा चरकात घालतो, कारण त्यात अजून रस आहे. साध्या वाफेच्या इंजिनात चिपाड पहिल्याच खेपेला फेकून देतात. वाफ सिलिंडरमध्ये येते, दट्ट्या ढकलते आणि 'भस्स' करून धुराड्यातून बाहेर जाते. पण बाहेर पडणाऱ्या त्या वाफेत दाब शिल्लक असतो, म्हणजे जोर शिल्लक असतो. तो 'भस्स' आवाज हाच त्याचा पुरावा.

मॅलेटने ही वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये घातली. मोठ्या का? कारण पहिलं काम केल्यावर वाफ पसरलेली असते, तिचा दाब उतरलेला असतो. कमी दाबाने तेवढंच काम करून घ्यायचं तर दट्ट्या रुंद हवा. म्हणून दुसरा सिलिंडर पहिल्याच्या साधारण दीडपट व्यासाचा असतो; म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. यात आणखी एक फायदा आहे. एकाच सिलिंडरमध्ये वाफेला अगदी शेवटपर्यंत पसरू दिलं, तर ती फार थंड होते आणि सिलिंडरच्या भिंतीही थंड करून जाते. मग पुढची ताजी वाफ आत आली की त्या गार भिंतींवर तिचं पाणी होतं. गार तांब्यात कढत चहा ओतला की तो चटकन निवतो, तसं. काम दोन सिलिंडरांत विभागलं की कुठलीच भिंत तेवढी गार होत नाही. जळण वाचतं, पाणीही वाचतं.

आता सांधा. मॅलेटने एका लांब बॉयलरखाली चाकांचे दोन वेगळे संच ठेवले. मागचा संच बॉयलरला घट्ट बांधलेला. पुढचा संच मोकळा. दोन संचांच्या मध्ये एक उभी खीळ, दाराच्या बिजागरीसारखी, आणि पुढचा संच तिच्याभोवती डावी-उजवीकडे वळू शकतो. बॉयलरचं पुढचं टोक त्या संचावर नुसतं टेकलेलं असतं, वंगण लावलेल्या सपाट बैठकीवर. वळण आलं की पुढची चाकं बॉयलरच्या खालून बाजूला सरकतात, बॉयलर मात्र सरळ नाकासमोर बघत राहतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्याच्या फाटकात वळतो तेव्हा प्रत्येक ट्रॉली आपापल्यापुरती वळते. कोणालाच सगळ्या लांबीचं वळण एकट्याने घ्यावं लागत नाही. इथंही तसंच. चार आसांचं इंजिन वळणापुरतं दोन-दोन आसांची दोन आखूड इंजिनं होऊन जातं.

सांध्याची इंजिनं त्याआधीही होती. वेल्समधल्या फेस्टिनिओग या चिंचोळ्या रेल्वेवर रॉबर्ट फेअरली या इंजिनिअरच्या 'लिटल वंडर' या दुतोंडी इंजिनाने १८७० च्या चाचण्यांत लोकांना थक्क केलं होतं. पण फेअरलीच्या रचनेत दोन्ही संच वळणारे. म्हणजे बॉयलरमधली पूर्ण दाबाची कढत वाफ दोन्ही सिलिंडरांकडे हलत्या नळ्यांतून न्यावी लागे. त्या काळात हलत्या सांध्यातून एवढ्या दाबाची वाफ गळू न देणं ही मोठी डोकेदुखी होती. सांधा आवळला तर इंजिन वळत नाही, सैल सोडला तर वाफ फुसफुसत बाहेर.

मॅलेटने काय केलं बघा. ताजी, जोरदार वाफ त्याने मागच्या संचाच्या लहान सिलिंडरांना दिली. मागचा संच बॉयलरला घट्ट बांधलेला, म्हणून ती नळी साधी, न हलणारी. तिथून निघालेली, दाब उतरलेली वाफ पुढच्या संचाच्या मोठ्या सिलिंडरांना दिली. हलणाऱ्या नळीतून जायचं ते याच मवाळ वाफेने. दुबार वापरामुळे जी वाफ मवाळ झाली, तीच सांध्यातून नेणं सोपं झालं. एका कल्पनेने दुसरीची अडचण सोडवली. या जागी मी दर वेळी थबकतो. कागदावर हे दोन ओळींत मावतं, पण ते सुचायला दोन्ही प्रश्न एकाच डोक्यात बराच काळ मुरावे लागतात.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, आयफेल टॉवर नवाकोरा असताना, अवघ्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवर अशी इटुकली मॅलेट इंजिनं प्रेक्षकांना घेऊन फिरत होती. प्रदर्शनाच्या काही महिन्यांत त्या रेल्वेने साठ लाखांहून जास्त लोक वाहिले. अमेरिकेत ही कल्पना उशिरा पोहोचली, पण पोहोचली ती आकार वाढवून. १९०४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने पहिलं अमेरिकन मॅलेट घेतलं, घाटात मालगाड्यांना मागून रेटायला. माणसं त्याला लाडाने 'ओल्ड मॉड' म्हणत, त्या वेळच्या व्यंगचित्रांत गाजलेल्या एका खेचरीवरून. पाचच वर्षांनी लिटल रिव्हरसाठी स्कूकम बनलं. लाकूडतोडीच्या रेल्वेसाठी बनलेल्या अगदी सुरुवातीच्या मॅलेटांमध्ये त्याची गणना होते.

चाकांची मांडणी वाचायची कशी

स्कूकमची मांडणी २-४-४-२ अशी लिहितात. समोरून मागे वाचत जायचं : पुढे २ लहान चाकं, मग ओढणारी ४, पुन्हा ओढणारी ४, शेवटी २ लहान. ही लहान चाकं जोर लावत नाहीत, वाट दाखवतात. वळणात शिरताना इंजिनाचं नाक हळूच वळवून देणं हे त्यांचं काम. दोन्ही टोकांना ती असण्याला जंगलात फार महत्त्व होतं, कारण इंजिनाचं तोंड फिरवायला डोंगरात जागाच नसे. एकदा तोंड वर करून चढलं, की उतरताना उलटं यायचं. उलट्या प्रवासात मागची लहान चाकं पुढारपण करतात. ही मांडणी जगात फार थोड्या इंजिनांना मिळाली. अमेरिकेतली बहुतेक मॅलेटं याहून मोठी, प्रत्येक संचात सहा किंवा आठ ओढणाऱ्या चाकांची.

या यंत्राची आणखी एक खुबी सांगायलाच हवी. समजा पुढची चाकं घसरली आणि गरगरू लागली. ती भराभर फिरतात म्हणजे मधल्या नळीतली वाफ भराभर पितात. पण ती नळी मागच्या सिलिंडरांच्या वेगानेच भरते. काही क्षणांत नळीतला दाब पडतो, पुढच्या दट्ट्यांचा जोर सुटतो, चाकं पुन्हा रूळ धरतात. उलट मागची घसरली तर ती नळीत वाफ कोंबू लागतात, तिथला दाब चढतो, आणि तोच दाब मागच्या दट्ट्यांना उलटा रेटून गप्प करतो. ड्रायव्हरने हात लावायच्या आत यंत्र स्वतःला आवरतं.

तोटेही होते. बॉयलर पुढच्या संचावर नुसता टेकलेला असल्याने तो संच वेगात हेलकावे खायचा, म्हणून या जुन्या मॅलेटांना पळवता येत नसे. थांबलेली गाडी उचलतानाही अडचण : पुढच्या मोठ्या सिलिंडरांना वाफ मिळते ती मागच्यांनी वापरून झाल्यावर, आणि सुरुवातीला मागच्यांनी काहीच वापरलेलं नसतं. त्यासाठी एक खास झडप असते. ड्रायव्हर ती उघडून दाब कमी केलेली ताजी वाफ थेट पुढच्या सिलिंडरांनाही देतो, आणि गाडी हलली की झडप बंद करून नेहमीच्या चालीवर येतो.

मग टेनेसीत बिघडलं काय?

सांधा बिघडला नव्हता. दुबार वाफेतही खोट नव्हती. इंजिन तिथल्या मार्गाला भारी पडलं, इतकंच.

सांधा वळणाचा प्रश्न सोडवतो. चार आस प्रत्येक चाकाखालचा भार कमी करतात. पण इंजिनाचं एकूण वजन कुठेही जात नाही. रुळाच्या एका तुकड्याला एका आसाचा भार कळतो. लाकडी पुलाला मात्र एकाच वेळी जेवढे आस त्यावर उभे असतील तेवढ्यांचा भार उचलावा लागतो. खाली खडी कमी असेल तर एकामागून एक आस जाताना स्लीपर मातीत रुततात, आणि त्यांना वर यायला वेळ मिळत नाही. सांधा आणि दोन संच आले की त्यांच्यासोबत चार सिलिंडर, दोन चौकटी आणि दुप्पट दांडे येतात. छोट्यातलं छोटं मॅलेटही मग तितकंसं छोटं राहत नाही.

लिटल रिव्हरने पुढे कुठली वाट धरली ते तिच्या १९११ च्या खरेदीत दिसतं. तिने बाल्डविनकडून ११० क्रमांकाचं एक साधं, बिनसांध्याचं, अंगाने अगदी सडपातळ इंजिन घेतलं. नेहमीच्या रुंदीच्या (स्टँडर्ड गेज) रुळांवरच्या आपल्या जातीतल्या सगळ्यात लहान इंजिनांमध्ये ते मोडतं. तेही अजून जिवंत आहे, मिशिगनमध्ये पर्यटकांना घेऊन धावतं. तिखट चढावर शे आणि खालच्या मार्गावर हलकं इंजिन, असा त्या रेल्वेने आपल्या रुळांना सोसेल तो मेळ बसवला. १९३० च्या दशकाअखेर तिथली तोड थांबली आणि रूळ निघाले.

तिकडे वायव्येला परिस्थिती निराळी होती. ऑरेगन आणि वॉशिंग्टनमधली झाडं अवाढव्य. एकेका ओंडक्यावर माणसं ओळीने उभी राहून फोटो काढायची. एवढा माल वाहायचा म्हटल्यावर कंपन्या मुख्य मार्ग तरी बऱ्यापैकी भक्कम टाकत, आणि ते मार्ग कित्येक वर्षं वापरात राहत. तिथं मॅलेटला हवं ते सगळं मिळालं : पेलणारे रूळ, तिखट वळणं, जड गाड्या. पुढच्या दोन दशकांत बाल्डविनने त्या भागातल्या लाकूड कंपन्यांसाठी थोडी मोठी, २-६-६-२ मांडणीची अनेक मॅलेटं बनवली. काहींना तर पाण्याच्या टाक्या बॉयलरवरच बसवल्या, म्हणजे पाण्याचं वजनही पकडीच्या कामी यावं. त्यांतली दोन साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये पर्यटकांच्या गाड्या ओढत आली आहेत.

स्कूकम त्या मुलखात हातोहात फिरलं. एका कंपनीचं जंगल संपलं की दुसरीकडे. शेवटचा मालक होता वॉशिंग्टनमधली डीप रिव्हर लॉगिंग कंपनी. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते रुळावरून उतरून कुशीवर कलंडलं. तोवर ओंडके ट्रकने जाऊ लागले होते, रेल्वेचे दिवस भरत आले होते, आणि त्याला उचलून पुन्हा उभं करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. ४५ वर्षं चढावर राबलेलं इंजिन जंगलात तसंच पडून राहिलं. नशिबाने ते भंगारात गेलं नाही. ज्यांचा जीव अशा यंत्रांत अडकतो, अशांपैकी एकाने ते मिळवलं आणि सुटे भाग करून जंगलाबाहेर काढलं. मग दशकांमागून दशकं ते भाग इकडून तिकडे फिरत राहिले. अखेर ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या गॅरिबाल्डी या गावी ते पुन्हा जोडले गेले. २०१८ मध्ये बॉयलरने वाफ धरली, आणि २०१९ मध्ये ते लोकांसमोर धावलं. त्याच वसंतात या घराण्याच्या सगळ्यात दांडग्या वारसांपैकी एक, युनियन पॅसिफिकचं ४०१४ क्रमांकाचं 'बिग बॉय', दुरुस्त होऊन वायोमिंगमध्ये रुळावर आलं. सोळा ओढणाऱ्या चाकांचं ते १९४१ चं धूड. पण त्याच्या कमरेतली बिजागरी तीच आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न नेरळच्या डोंगरात उभा राहिला होता. १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या रेल्वेवर रूळ दोन फुटी, चढ काही ठिकाणी २० ला १, आणि वळणं अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला दिसतं. तिथं मॅलेट आलं नाही. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने तीन आसांची जी छोटी इंजिनं दिली, त्यांत सांधा कमरेत नव्हता, आसातच होता. पुढचा आणि मागचा आस म्हणजे एकात एक दोन आस : आत एक भरीव दांडा, त्याभोवती पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीवर. मध्यभागी एक गोलाकार सांधा नळीला फिरवतोही आणि थोडं तिरकंही होऊ देतो. बाहेरचे दांडे भरीव आसाला जोडलेले, म्हणून ते सरळच राहतात. चाकं मात्र वळणाप्रमाणे तोंड फिरवतात. क्लीन आणि लिंडनर या दोघांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. छोट्या इंजिनाला तेवढं वाकणं पुरतं.

स्कूकम धावतानाची चित्रफीत कधी बघायला मिळाली, तर वळण येईपर्यंत थांबा आणि धुराड्याच्या खाली नजर ठेवा. चाकं वळणाबरोबर आत जातात आणि बॉयलरचं गोल तोंड क्षणभर रुळांच्या बाहेर, झाडांकडे रोखलेलं राहतं. मग आवाज ऐका. चार सिलिंडरांचं इंजिन म्हणून दणदणाट होईल असं वाटतं. पण धुराड्यातून बाहेर पडते ती फक्त पुढच्या दोन सिलिंडरांची वाफ, दोन्ही वेळा राबवून घेतलेली. चाकाच्या एका फेऱ्याला चारच ठोके, आणि तेही मऊ, दमल्यासारखे.